घरगुती बायोफिल्टरसाठी स्वस्त मीडिया : खडी, कौलं, झाकणं की शेडनेट?

पाणवठा

कोई, गोल्डफिश किंवा तिलापियाच्या घरच्या टाकीला ड्रमचा बायोफिल्टर (माशांमुळे पाण्यात येणारा विषारी अमोनिया जिवाणूंकडून संपवणारी गाळणी) करताना ड्रममध्ये जिवाणूंना राहायला काय भरायचं, म्हणजे मीडिया कोणतं घ्यायचं, याची उत्तरं बऱ्याच धाग्यांत विखुरली आहेत. एका जागी हिशेब असावा म्हणून हा धागा. के-१ सारखं (प्लॅस्टिकच्या छोट्या चाकांचं) तयार मीडिया चांगलंच असतं, पण दोन-तीन हजार लिटरच्या टाकीसाठी तेवढे पैसे घालायची गरज नाही.

सुरुवात मीडियापासून करू नका, खाद्यापासून करा. अमोनिया किती तयार होणार हे टाकीच्या लिटरवर नाही, रोज किती खाद्य पडतं त्यावर ठरतं. खाद्याचे ग्रॅम × त्यातल्या प्रथिनांचा वाटा × ०.०९२ एवढा अमोनिया-नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन) रोज पाण्यात येतो. ३२ टक्के प्रथिनांचं १०० ग्रॅम खाद्य घातलं, तर १०० × ०.३२ × ०.०९२ = सुमारे २.९ ग्रॅम.

आता हा अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागावर बुळबुळीत थर करून राहतात. आपल्याकडच्या २५ ते ३० अंश पाण्यात, आणि माशांना चालेल इतक्या कमी अमोनियात, एक चौरस मीटर पृष्ठभाग रोज साधारण ०.३ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवतो असं धरा. यापेक्षा मोठे आकडे जाहिरातींत दिसतात. ते अमोनिया भरपूर असतानाचे असतात, आणि तेवढा अमोनिया टाकीत असेल तर मासे संकटात आहेत.

२.९ भागिले ०.३ म्हणजे सुमारे १० चौ.मी. गाळ बसणं, थंडी, एखाद्या दिवशी जास्त पडलेलं खाद्य यांसाठी दुप्पट करा. १०० ग्रॅम खाद्याला २० चौ.मी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

१०० लिटर मीडियात किती पृष्ठभाग मिळतो, ते मापांवरून काढलेले अंदाज असे:

२० मिमी काळी खडी – १८ चौ.मी.
मंगलोरी कौलाचे ३ सेंमीचे तुकडे – १४ ते १५ चौ.मी.
पाण्याच्या बाटल्यांची झाकणं – २४ चौ.मी.
२० मिमी पन्हळी वायरिंग पाइपचे २ सेंमीचे तुकडे – २५ ते ३० चौ.मी.
सैल कोंबलेली ५० टक्के सावलीची शेडनेट – ३५ ते ५० चौ.मी.
अर्धा मिमी वाळू – ७२० चौ.मी.

शेवटचा आकडा पाहून वाळूकडे धावू नका. साध्या ड्रममध्ये वाळू काही दिवसांत दगडासारखी बसते, पाणी एकाच भोकातून वाट काढतं आणि बाकीचा थर सडतो. वाळू वापरायची तर ती पाण्याच्या जोराने कायम उकळत ठेवावी लागते. तो वेगळाच फिल्टर आहे.

आकडा हा पहिला निकष. दुसरा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा : हे मीडिया धुणार कसं?

खडीयंत्र

धुण्याचा मुद्दा सुरुवातीलाच मांडलात ते बरं झालं. खडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण ती गावोगावी मिळते आणि तिच्याबद्दलच सर्वात जास्त चुका होतात.

२० मिमी घ्या. ६ ते १० मिमीची बारीक खडी पृष्ठभागात जिंकते, पण काही आठवड्यांत तुंबते. ४० मिमी धुवायला सोपी, पण पृष्ठभाग निम्मा. क्रशरवर मागताना 'कच नको' असं स्पष्ट सांगा, नाहीतर पाटीत तिसरा हिस्सा भुकटीच येते. घरी आणल्यावर घमेल्यात पाणी स्वच्छ उतरेपर्यंत धुवा. ही भुकटी ड्रममध्ये गेली तर तळाशी जाऊन सिमेंटसारखी बसते आणि ड्रेनचा व्हॉल्व्ह अडवते.

आपल्याकडची काळी खडी म्हणजे बेसाल्ट, पाण्याशी तिची फारशी देवाणघेवाण होत नाही. पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक सापडतात. ते झिओलाइट असतील तर चिंता नाही, कॅल्साइट असेल तर ते हळूहळू विरघळून सामू (पीएच) वाढवतं. ओळखायचं असं : पांढरे डाग असलेले आठ-दहा दगड फोडा, कोरड्या ताज्या कडेवर व्हिनेगर टाका आणि मिनिट-दोन मिनिटं नीट बघा. बुडबुडे आले तर चुनखडीचा अंश आहे. एखाद्या दगडावर आले तर सोडून द्या, निम्म्यांवर आले तर ती खडी नको.

त्यापुढची परीक्षा : दोन बादल्यांत पाच-पाच लिटर आरओ किंवा पावसाचं पाणी घ्या, एकीत धुतलेली एक किलो खडी टाका, तीन दिवसांनी दोन्हींचा सामू आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा. दोन्ही बादल्या जवळपास सारख्या दाखवत असतील तर खडी चालेल. ही परीक्षा कौलं, विटा, जांभा, सगळ्यालाच लावता येते.

खडीचा खरा दोष म्हणजे पोकळी फक्त ४० टक्के. २० चौ.मी.साठी लागणाऱ्या ११० लिटर खडीत पाण्याला आणि गाळाला मिळून ४४ लिटर जागा. ती भरली की पाणी सोपी वाट शोधतं आणि उरलेल्या भागात प्राणवायू पोचत नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला, की तिथे नायट्रीकरण (जिवाणूंनी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणं) थांबलेलं असतं.

नितळनदी

शहाबादी फरशीचे तुकडे घरी पडून आहेत. चालतील का? आणि कोटा?

खडीयंत्र

दोन्ही चुनखडक आहेत, मुख्य मीडिया म्हणून नकोत. सामू ८ च्या आसपास नेतात. अमोनिया तेवढाच असला तरी सामू वाढला की तो जास्त विषारी होतो. २८ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियातला ०.७ टक्के भाग विषारी रूपात असतो, सामू ८ ला साडेसहा टक्के, सामू ९ ला चाळीस टक्क्यांच्या वर. फिल्टर नवा असताना हा फरक माशांच्या जिवावर येतो.

संगमरवराचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा हेही नको. ताजं सिमेंट तर सामू ११-१२ पर्यंत नेतं.

कौलारू

कौलांच्या बाजूने लिहितो. कोकणात जुनी घरं उतरवली की मंगलोरी कौलांचे ढीग फुकट मिळतात. भाजलेली माती, खरखरीत, सच्छिद्र, पाण्यात न विरघळणारी. पृष्ठभागाचा आकडा खडीपेक्षा कमी दिसतो, पण वजनही कमी : १०० लिटर खडी दीडशे किलो, १०० लिटर कौलाचे तुकडे नव्वद-पंच्याण्णव किलो.

तुकडे करताना काळजी घ्या. मोठे सपाट तुकडे पानांच्या विड्यासारखे एकावर एक बसतात आणि मधून पाणी जातच नाही. कौल पोत्यात घालून हातोडीने फोडा, मग पाऊण इंची चाळणीवर चाळा. वर राहिलेले ३-४ सेंमीचे तुकडे ठेवा, खालची भुकटी झाडांना. चुन्याचा गिलावा किंवा सिमेंटचा माल चिकटलेला असेल तर ते तुकडे बाजूला काढा. रंग दिलेली कौलं घेऊ नका.

विटांचं तसं नाही. कमी भाजलेली पिवळट वीट दोन महिन्यांत चिखल होते. वापरायचीच तर जास्त भाजून काळपट झालेली खंगर वीट, जी आपटली तर खणखणते. रात्रभर पाण्यात ठेवून अंगठ्याने घासा, हाताला लाल लागलं तर नाही.

काठावरचा

जांभ्याचं काय? तोही कोकणात फुकट.

कौलारू

चिऱ्याच्या खाणीतला कठीण, जाळीदार तुकडा असेल तर चालतो, पण बहुतेक जांभा मऊ असतो. पाणी आठवडाभर लाल राहतं आणि तो सतत झिजत राहतो, म्हणजे गाळ गाळायच्या जागी आपणच गाळ घालतो. जांभ्यातलं लोह फॉस्फेट धरून ठेवतं हे खरं आहे, त्यामुळे शेवाळाला थोडा आळा बसू शकतो. तेवढ्यासाठी जाळीच्या पिशवीत दोन-तीन किलो ठेवा. मुख्य भरणा कौलांचाच करा.

मासोळी८२

झाकणांबद्दल कोणी बोलत नाही. चहावाल्याकडे, मंगल कार्यालयात पोत्याने मिळतात, वजनाला हलकी, आणि हवेचा पंप लावला की गोल फिरत राहतात. फिरतं मीडिया स्वतःच स्वतःला घासतं, धुवावं लागत नाही. ड्रम उघडून खडी उपसण्याच्या त्रासापुढे हे सोपं नाही का?

पाणवठा

सोपं आहे, पण आकडे आधी बघा. साधं झाकण ३ सेंमी व्यासाचं, दीड सेंमी उंच. आतून-बाहेरून मिळून ४२ चौ.सेंमी. एका लिटरमध्ये सत्तावन्न-अठ्ठावन्न बसतात. फिरताना बाहेरची बाजू एकमेकांवर आपटून घासली जाते, तिथे थर टिकत नाही, म्हणून १०० लिटरमागे २४ चौ.मी.चे १७ धरावेत. २० चौ.मी.ला १२० लिटर झाकणं, म्हणजे ७ हजारांच्या घरात. ती गोळा करायची, साखर आणि चिकटा जाईपर्यंत धुण्याच्या सोड्यात भिजवायची, आणि प्रत्येकाला भोक पाडायचं.

भोक टाळता येत नाही. उलटं झाकण हवेचा बुडबुडा धरतं आणि वर तरंगून बसतं. वरचा थर कोरडा पडतो, जिवाणू मरतात. ६ ते ८ मिमी भोक पंचने किंवा ड्रिलने पाडा. तापवलेल्या सळईने पाडू नका, प्लॅस्टिकचा धूर फुप्फुसांत जातो.

फिरत्या पद्धतीत ड्रम काठोकाठ भरायचा नाही. पाण्याच्या ५० ते ६० टक्के मीडिया, उरलेली जागा फिरायला. म्हणजे १२० लिटर झाकणांना एक २०० लिटरचा ड्रम जेमतेम पुरतो. हवा किती लागेल, तर लिटर मीडियाला मिनिटाला निदान अर्धा लिटर इथून सुरू करा आणि कोपऱ्यात थांबलेली झाकणं दिसेनाशी होईपर्यंत वाढवा. एवढा हवेचा पंप चोवीस तास चालतो, त्याचं वीजबिलही खर्चात धरा.

पहिले दोन-तीन आठवडे झाकणं वरच तरंगतात, थर चढून जड झाली की फिरू लागतात. या काळात 'फिरत नाहीत' म्हणून हवा अवाच्या सवा वाढवू नका, थर धरतच नाही.

मासोळी८२

हिशेब मान्य. पण एक दुरुस्ती : सगळी झाकणं एकाच मापाची असतील तर एकमेकांत अडकत नाहीत. वेगवेगळी घेतली तरच मोठ्यात लहान बसतं आणि आतली जागा वाया जाते. म्हणून एकाच मापाची घ्या. आणि ड्रमवर झाकण हवंच. ही झाकणं उन्हात ठिसूळ होतात, मग त्यांचे कपटे पाण्यात जातात.

जाळंवाला

शेडनेटवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाणवठा यांनी दिलेला ३५ ते ५० हा आकडा वाढवून सांगितलेला नाही. ५० टक्के सावलीची जाळी म्हणजे एक चौ.मी. कापडात धाग्यांची सावली अर्धा चौ.मी. धाग्याच्या सगळ्या बाजू मोजल्या तर पट्टीच्या धाग्याला १ चौ.मी., गोल धाग्याला दीडपर्यंत. २० चौ.मी. पृष्ठभागाला १५ ते २० चौ.मी. शेडनेट लागते आणि ती सैल भरली तर ५०-६० लिटरमध्ये मावते. नर्सरीवाल्यांकडे, पॉलिहाउसवाल्यांकडे उरलेले तुकडे नेहमी असतात.

गुण : हलकी, पोकळी नव्वद टक्क्यांच्या वर, उन्हासाठीच बनवलेली असल्याने टिकाऊ.

अवगुण : नुसती कोंबली तर गाळाच्या वजनाने तळाशी दबते. मग तिची गादी होते आणि पाणी बाजूने निघून जातं. उपाय दोन. पहिला, २० सेंमी रुंदीच्या पट्ट्या काढून त्या ड्रमच्या तोंडावर टाकलेल्या पीव्हीसी पाइपांवरून उभ्या टांगा, खाली तळापासून १५ सेंमी वर सोडा. दुसरा, जाळीच्या सैल गुंडाळ्या करून प्रत्येकीच्या आत पन्हळी पाइपचा एक तुकडा घाला, म्हणजे ती चपटी होत नाही.

कापलेल्या कडेचे धागे सुटतात आणि पंपाच्या पंख्यात गुंडाळले जातात. कड मेणबत्तीवर, उघड्या हवेत, किंचित वितळवून घ्या किंवा दुमडून शिवा. पंप जाळीच्या पुढे असेल तर त्याच्या तोंडावर गाळणी लावाच.

नितळनदी

कीटकनाशक फवारलेल्या पॉलिहाउसमधली जाळी चालेल का?

जाळंवाला

नको. फळबागेवरची, भाजीवरची, कुठलीही फवारणी झालेली जुनी जाळी माशांसाठी नको. मासे काही कीटकनाशकांच्या अगदी थोड्या मात्रेनेही मरतात. पार्किंगवर, गच्चीवर सावलीला वापरलेली घ्या, किंवा नवी घेऊन नुसत्या पाण्याने धुवा. हाच नियम ड्रमला. निळा ड्रम घेताना आधी काय भरलेलं होतं ते लेबलवर वाचा. खाण्याचं तेल, लोणच्याचा खार, ग्लुकोज ठीक. लेबल खरवडून काढलेलं असेल तर स्वस्त मिळाला तरी सोडा.

भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या गोल घासण्याही चांगल्या चालतात, तत्त्व तेच. हिरवी चौकोनी घासणी नको, तिच्यात घासणारी पूड आणि डिंक असतो. स्टीलची अर्थातच नाही.

काठावरचा

नारळाचा काथ्या, कोळसा, घोसाळ्याची जाळी, गादीचा फोम. एकेक ओळीत निकाल द्या कोणीतरी.

खडीयंत्र

काथ्या : कुजतो, पाणी चहासारखं करतो आणि कुजताना प्राणवायू खातो. घोसाळं : काथ्याच्याही आधी कुजतं. कोळसा : हलका, सुरुवातीला तरंगतो, राखेमुळे सामू चढवतो, हाताळताना भुगा होतो, आणि चुलीचा कोळसा म्हणजे सक्रिय कार्बन नव्हे. गादीचा फोम : आगरोधक किंवा बुरशीरोधक रसायन असू शकतं, आणि वर्षभरात चुरा होतो. मत्स्यालयाच्या दुकानातला काळा भरड फोम मात्र उत्तम, गाळ अडवायलाही आणि जिवाणूंनाही. फक्त मोठ्या टाकीला महाग पडतो.

सिरॅमिकच्या रिंगांबद्दल कोणी विचारायच्या आत : पुडीवर छापलेला शेकडो चौ.मी.चा आकडा आतल्या सूक्ष्म छिद्रांचा असतो. ती छिद्रं थराने लवकरच बंद होतात. बाहेरून दिसतो तेवढाच पृष्ठभाग हिशेबात धरा.

गच्चीबाग

१२०० लिटरची टाकी गच्चीवर आहे. खडी फुकट मिळतेय. घालू का?

पाणवठा

थांबा. आधी गच्चीचा विचार. वापरात असलेली गच्ची साधारणपणे चौ.मी.ला १५० किलो चलभारासाठी (माणसं, सामान असा बदलता भार) धरलेली असते. ३० सेंमी खोल पाणी म्हणजेच चौ.मी.ला ३०० किलो. म्हणजे टाकीच आधी मर्यादा ओलांडते आहे. त्यात ११० लिटर खडीचा ड्रम भरल्यावर पावणेतीनशे किलोच्या पुढे जातो, आणि हे सगळं ५८ सेंमी व्यासाच्या, पाव चौ.मी.च्या जागेवर.

टाकी तुळईवर आहे की स्लॅबच्या मधोमध, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तोवर पाणी कमी करा. फिल्टर शेडनेटचा करा, ड्रम खांबाजवळ भिंतीलगत ठेवा. गच्चीवर खडी, वीट, कौल यांतलं काहीच नको.

गच्चीबाग

टाकी दोन भिंतींच्या कोपऱ्यात आहे, तरी पाणी २० सेंमीवर आणतो आणि इंजिनिअरला बोलावतो. खडी रद्द. खाद्य रोज ४० ग्रॅम आहे.

पाणवठा

४० ग्रॅमला ८ चौ.मी. आठ चौ.मी. शेडनेट, झाकणाच्या २५ लिटरच्या बादलीत मावेल; बादली रंगाची नको, खाद्यपदार्थांची घ्या. वजन पाण्यासकट तीस किलोच्या आत.

थेंबथेंब

लोडशेडिंगचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते मीडियाची निवड तिथेच व्हायला हवी. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू लागतो. २.९ ग्रॅमला दिवसाला १३ ग्रॅम, म्हणजे तासाला अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त. बुडालेल्या ड्रममध्ये ११० लिटर पाणी असेल आणि लिटरला ६ मिलिग्रॅम प्राणवायू असेल, तर साठा ०.६६ ग्रॅमचा. पंप बंद पडला की तासाभरात संपायला आला. त्यात गाळ भरलेला असेल तर त्याहून लवकर.

चार-सहा तासांनी वीज आली आणि पंप सुरू झाला, की ड्रममधलं प्राणवायू नसलेलं, कधीकधी सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचं विष) असलेलं पाणी थेट टाकीत जातं. सकाळी मासे मेलेले दिसतात आणि दोष खाद्याला दिला जातो. म्हणून वीज मोठ्या वेळेसाठी गेली असेल, तर सुरू करण्याआधी ड्रेन उघडून ड्रमचं पाणी झाडांना सोडा, मगच पंप चालू करा.

यावर स्वस्त उपाय म्हणजे ठिबकता मनोरा. टोमॅटोची तीन कॅरेट एकावर एक, प्रत्येकात साधारण ४० लिटर मीडिया. वर एका ताटाला ५-६ मिमी भोकं पाडून पाणी सगळीकडे सारखं पडेल असं करा. पाणी थरावरून निथळत जातं, प्राणवायू हवेतून मिळतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. वीज गेली तरी ओलं मीडिया हवेत असतं, जिवाणू कित्येक तास तग धरतात.

मनोऱ्यात कौलाचे तुकडे उत्तम, कारण ते ओल धरून ठेवतात. भोक पाडलेली झाकणंही चालतात. शेडनेट लवकर सुकते, ती बुडालेल्या ड्रमलाच ठेवा. तीन कॅरेट कौलं ११० किलोपर्यंत जातात, खाली पक्कं जोतं हवं. आणि पंप घेताना बॉक्सवरचा लिटरचा आकडा नाही, मनोऱ्याच्या उंचीला तो किती पाणी देतो ते बघा. दीड मीटरला तासाला निदान अर्धी टाकी, शक्यतो टाकीभर पाणी फिरलं पाहिजे.

मासोळी८२

कॅरेटमध्ये कौलं, आणि खाली ड्रममध्ये शेडनेट असं दोन्ही?

थेंबथेंब

हो, पण क्रम असा : टाकी, मग गाळ बसवायचा ड्रम, मग पंप, मग मनोरा, आणि तिथून पाणी उतरून टाकीत. गाळाच्या ड्रममध्ये पाणी टाकीतून ५० मिमी पाइपने, पंपाशिवाय, आपोआप यायला हवं. पंप आधी लावला की तो विष्ठेचं पीठ करतो आणि ते पीठ कुठेच बसत नाही, सरळ मीडियावर जातं. मग तिथे गाळ खाणारे दुसरे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि हळू वाढणाऱ्या नायट्रीकरणाच्या जिवाणूंना झाकून टाकतात. अमोनिया उतरत नाही, म्हणून लोक आणखी मीडिया घालतात. कमी असतं ते गाळ काढणं.

गाळाच्या ड्रममध्ये शेडनेटच्या उभ्या पट्ट्या सोडा. तळाला ४० मिमीचा बॉल व्हॉल्व्ह, दोन-तीन दिवसांनी अर्धा मिनिट उघडायचा.

खडीयंत्र

बुडालेल्या खडीच्या ड्रमचीही जोडणी देतो, ज्यांना तोच करायचा आहे त्यांच्यासाठी. तळाशी उलटं कॅरेट, त्यावर जाळी, त्यावर खडी. म्हणजे खाली १५ ते २० सेंमी मोकळी जागा राहते. पाणी खालून आत, वरून ५० मिमी टँक निपलमधून बाहेर. मोकळ्या जागेत अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा चौकोन, त्याला दर १० सेंमीवर ३ मिमी भोक, दुसरं टोक ड्रमच्या वर आणून ठेवा. दर दोन महिन्यांनी पंप बंद करून त्या टोकाला हवेचा पंप किंवा ब्लोअर जोडा, पाच मिनिटं खडी खदखदू द्या आणि लगेच तळाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. काळं पाणी जातं. खडी उपसावी लागत नाही.

धुवायला नळाचं पाणी वापरू नका, टाकीतलंच वापरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हेच करायला घातलेलं असतं : जिवाणू मारायला. टाकीत नवं पाणी भरतानाही हजार लिटरला १० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट आधी विरघळवून टाका.

नितळनदी

नवा फिल्टर मासे न घालता कसा तयार करायचा? मासे टाकले की पहिल्याच महिन्यात मरतात.

पाणवठा

कल्हईवाल्यांचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्याच्या एका ग्रॅमात ०.२६ ग्रॅम नायट्रोजन असतं. हजार लिटरला ८ ग्रॅम टाकलं की अमोनिया-नायट्रोजन लिटरला २ मिलिग्रॅम होतं. पंप चालू ठेवा, एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजा. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढून बसतं आणि बरेच दिवस हलत नाही; इथेच लोक घाई करतात. असा ८ ग्रॅमचा डोस टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य होऊ लागले, की फिल्टर तयार. उन्हाळ्यात तीन ते सहा आठवडे, थंडीत जास्त. मग पाणी अर्ध्याहून अधिक बदलून मासे सोडा.

कुणाच्या निरोगी टाकीतलं ओलं मीडिया चार-पाच लिटर मिळालं तर वेळ निम्म्यावर येतो. आणताना पाण्यात बंद करून नव्हे, ओल्या गोणपाटात आणा.

मासे आधीच टाकले असतील आणि नायट्राइट चढलं असेल, तर खाद्य बंद, पाणी बदल, आणि हजार लिटरला एक किलो जाडं मीठ. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही.

कौलारू

कोकणासाठी एक भर. पावसाळ्यात विहिरीचं पाणी अगदी मऊ होतं आणि उघड्या टाकीत पाऊसही पडतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपताना सुमारे ७ ग्रॅम क्षारता (सामू घसरू न देणारे पाण्यातले क्षार) खर्च होते. पाण्यात ती नसेल तर सामू ६ कडे घसरतो आणि जिवाणू काम थांबवतात. मीडिया कितीही चांगलं असो, अमोनिया चढतो. एका ग्रॅमला १२ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे १०० ग्रॅम खाद्याला दिवसाला ३५ ग्रॅमपर्यंत. एकदम टाकू नका, दोन वेळा पाण्यात विरघळवून. किंवा मनोऱ्याच्या वरच्या कॅरेटमध्ये दोन-तीन किलो धुतलेल्या तिसऱ्यांच्या शिंपा जाळीच्या पिशवीत ठेवा. त्या गरजेपुरत्या विरघळतात. सोलापूर, मराठवाड्याकडच्या जड बोअरच्या पाण्याला यातलं काहीच लागत नाही.

काठावरचा

म्हणजे शहाबादीचे दोन तुकडे पिशवीत घातले तर चालतील?

कौलारू

मऊ पाण्यात, पिशवीत, आणि सामू मोजत राहिलात तर चालतील. सामू ८ च्या वर गेला की पिशवी बाहेर.

मासोळी८२

माझ्या २००० लिटरसाठी ठरलं : तीन कॅरेट कौलं वर, गाळाच्या ड्रममध्ये शेडनेट. खाद्य १०० ग्रॅम. कौलं १२० लिटर म्हणजे १७ चौ.मी., बरोबर?

पाणवठा

बरोबर. उरलेले तीन चौ.मी. गाळाच्या ड्रममधल्या जाळीतून मिळतील असं धरू नका, ती सारखी धुतली जाते. चौथं कॅरेट अर्धं भरा, किंवा खाद्य ८० ग्रॅमवर ठेवा.